हात ऐकेनासा झाला तेव्हा

१० नोव्हेंबर २०२४. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात पन्नाशी ओलांडलेल्या व्यावसायिक गोल्फपटूंची मोसमातली शेवटची स्पर्धा संपत आली होती. अठराव्या, म्हणजे अखेरच्या होलवर जर्मनीचा बर्नहार्ड लँगर उभा होता. चेंडू आणि खड्डा यांच्यात सुमारे तीस फुटांचं अंतर. लँगरने चेंडू हलकेच ढकलला, तो गवतावरून घरंगळत गेला आणि खड्ड्यात पडला. एका फटक्याच्या फरकाने लँगर जिंकला. त्याचं वय तेव्हा ६७ होतं आणि ज्येष्ठांच्या या मालिकेतला हा त्याचा ४७वा विजय होता.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पिकलबॉल खेळताना त्याच्या टाचेमागचा अकिलिस टेंडन तुटला होता. शस्त्रक्रिया झाली आणि तीन महिन्यांत तो पुन्हा स्पर्धेत उतरला. त्यामुळे बातम्यांमध्ये त्याचं वय आणि त्याची टाच यांची चर्चा झाली, ते साहजिकच होतं. पण लँगरची कारकीर्द माहीत असलेल्यांना त्याहून मोठं आश्चर्य वाटलं असेल ते त्या तीस फुटांच्या फटक्याचं. कारण हाच फटका मारताना या माणसाच्या हातांनी त्याला एकदा नव्हे, चार वेळा दगा दिला होता. तोही ऐन उमेदीच्या काळात, वयाच्या विशीपासून चाळिशीपर्यंत.

गोल्फमध्ये या त्रासाला ‘यिप्स’ म्हणतात. नाव गमतीदार वाटतं, त्रास मात्र गमतीचा नाही. तो फक्त गोल्फपुरताही नाही. लिहिताना हात आखडणारा कारकून, सतारीवर एक बोट वळून बसणारा वादक, सही करताना अडणारा दुकानदार या सगळ्यांचं दुखणं त्याच कुळातलं असू शकतं. म्हणून लँगरची गोष्ट गोल्फची काठी कधी हातात न धरलेल्यांनीही समजून घ्यावी अशी आहे.

सर्वांत छोटा फटका

गोल्फ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर या खेळात दोन प्रकारची कामं असतात. पहिलं काम ताकदीचं. दोन-अडीचशे मीटर लांब चेंडू फेकायचा. दुसरं काम नजाकतीचं. खड्ड्याभोवती अगदी बारीक कापलेलं गवत असतं, त्याला ‘ग्रीन’ म्हणतात. चेंडू ग्रीनवर आला की ‘पटर’ नावाच्या काठीने तो जमिनीवरून घरंगळवत खड्ड्यात न्यायचा. या फटक्याला ‘पट’ म्हणतात. खड्ड्याचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा साधारण ४३ मिलिमीटर.

ताकद लागत नाही, धावावं लागत नाही, समोरून कोणी चेंडू टाकत नाही. तीन फुटांवरून चेंडू खड्ड्यात ढकलणं लहान मुलालाही जमावं इतकं सोपं दिसतं. पण अठरा होलच्या मैदानावर अपेक्षित ७२ फटके धरले तर त्यातले निम्मे, म्हणजे ३६, पटिंगसाठीच धरलेले असतात. लांब फटका थोडा वाकडा गेला तरी पुढच्या फटक्यात भरून काढता येतं. तीन फुटांवरून चुकलेला पट कायमचा गेला. व्यावसायिक खेळाडूची कमाई बऱ्याच अंशी या छोट्या फटक्यावर ठरते.

यिप्स नेमका इथे येतो. पटर चेंडूजवळ येत असताना मनगटाला अचानक झटका बसतो. खेळाडूने तो दिलेला नसतो, त्याला तो थांबवताही येत नाही. चेंडू भलतीकडे जातो, कधी खड्ड्याच्या कितीतरी पुढे निघून जातो. आणि हाच खेळाडू पुढच्या होलवर अडीचशे मीटरचा फटका अगदी सरळ मारतो. हात तोच, मनगटही तेच, फक्त काम वेगळं.

गवंड्याचा मुलगा

लँगरचा जन्म २७ ऑगस्ट १९५७ रोजी दक्षिण जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहराजवळच्या अनहाऊझेन या खेड्यात झाला. वडील गवंडीकाम करायचे. त्या काळात जर्मनीत गोल्फ हा मोजक्या श्रीमंतांचा खेळ होता. सर्वसामान्यांना त्याची फारशी माहितीही नव्हती. आठ-नऊ वर्षांचा बर्नहार्ड चार पैसे मिळवण्यासाठी जवळच्या क्लबमध्ये कॅडी म्हणून जाऊ लागला. कॅडी म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणारा मदतनीस. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहता वाहता, त्यांचे फटके बघता बघता तो खेळायला शिकला. शाळा संपल्यावर त्याने म्युनिकच्या क्लबमध्ये उमेदवारी केली आणि १९७२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, तो व्यावसायिक झाला.

ज्या देशातून त्याआधी एकही मोठा गोल्फपटू निघाला नव्हता, तिथला हा मुलगा १९७६ मध्ये युरोपच्या स्पर्धांमध्ये उतरला. लांबचे फटके उत्तम होते. पण स्पेन-पोर्तुगालच्या वेगवान ग्रीनवर त्याचे हात बिघडले. जर्मनीतल्या संथ ग्रीनवर त्याला चेंडू जोरात ढकलायची सवय होती. इथे नुसता स्पर्श केला तरी चेंडू पुढे पळायचा. आधी धास्ती आली, मग झटका. अवघ्या काही फुटांवरून त्याला तीन-तीन, चार-चार फटके लागू लागले. तो तेव्हा जेमतेम १९ वर्षांचा होता. पाठीशी पैसा नव्हता, देशात या खेळाची परंपरा नव्हती आणि बक्षिसाच्या रकमेवर पुढचा प्रवासखर्च अवलंबून होता.

चार वेळा पहिल्यापासून

या पहिल्या फेरीतून बाहेर यायला त्याला तीन-चार वर्षं लागली. १९७९ मध्ये २५ वर्षांखालील खेळाडूंची एक जागतिक स्पर्धा त्याने तब्बल १७ फटक्यांच्या फरकाने जिंकली. १९८० मध्ये ब्रिटनमधली ‘डनलप मास्टर्स’ जिंकून तो युरोपियन टूरवर विजय मिळवणारा पहिला जर्मन ठरला. पुढच्याच वर्षी युरोपातल्या कमाईच्या यादीत तो पहिला आला.

मग १९८२ मध्ये हात पुन्हा बिघडले. या वेळी त्याने पकड उलटी केली. उजव्या हाताने खेळणारे बहुतेक जण पटर धरताना उजवा हात खाली आणि डावा वर ठेवतात. लँगरने डावा हात खाली घेतला. लांबच्या पटसाठी नेहमीची पकड आणि जवळच्या पटसाठी उलटी, अशी दुहेरी पद्धत त्याने बसवली. क्रिकेटपटूने वेगवान गोलंदाजाला एका पकडीने आणि फिरकीला दुसऱ्या पकडीने खेळावं, तसं हे होतं. याच दुहेरी पद्धतीने खेळून त्याने १९८५ मध्ये अमेरिकेतली मानाची ‘मास्टर्स’ स्पर्धा जिंकली. एप्रिल १९८६ मध्ये गोल्फची अधिकृत जागतिक क्रमवारी सुरू झाली, तेव्हा पहिल्या यादीत पहिलं नाव लँगरचं होतं.

दोन वर्षांत तिसरी फेरी आली. १९८८च्या ब्रिटिश ओपनमध्ये एकाच होलवर त्याला पाच पट लागले. जगात पहिला राहिलेला खेळाडू हजारो प्रेक्षकांसमोर छोटासा चेंडू खड्ड्यात ढकलू शकत नव्हता. आता त्याने जी पकड शोधली ती पाहून लोक हसले. डावा हात पटरच्या दांड्यावर खूप खाली, दांड्याचा वरचा भाग डाव्या हाताच्या आतल्या बाजूला टेकवलेला आणि उजव्या हाताने दांडा व डावा हात दोन्ही एकत्र घट्ट धरलेले. जणू मोडलेल्या हाताला फळी बांधली आहे. दिसायला विचित्र, पण मनगटाला हलायला जागाच नाही. १९९३ मध्ये त्याने दुसऱ्यांदा मास्टर्स जिंकली ती याच पकडीने, चार फटक्यांच्या फरकाने.

१९९६ मध्ये चौथी फेरी आली. वयाची चाळिशी जवळ आलेली. या वेळी त्याने काठीच बदलली. छातीपर्यंत पोहोचणारा लांब पटर घेतला, त्याचं वरचं टोक छातीशी टेकवलं आणि तो घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी त्याने युरोपात चार स्पर्धा जिंकल्या.

गोष्ट इथेही संपली नाही. १ जानेवारी २०१६ पासून पटर शरीराला टेकवून खेळण्यावर बंदी आली. लांब पटर चालेल, पण तो छातीला टेकवायचा नाही, असा नियम झाला. या बंदीनंतर लँगरची कारकीर्द आटोपेल असं अनेकांना वाटलं. त्याने पटर तोच ठेवला, वरचा हात छातीपासून थोडा दूर घेतला आणि ५८व्या वर्षी पुन्हा सराव सुरू केला. २०२३ मध्ये ६५व्या वर्षी ‘यूएस सीनियर ओपन’ जिंकून त्याने ज्येष्ठांच्या मालिकेतला हेल आयर्विनचा ४५ विजयांचा विक्रम मोडला.

मन कच्चं की मेंदूचं दुखणं?

‘यिप्स’ हा शब्द रूढ केला तो टॉमी आर्मर या जुन्या विजेत्या गोल्फपटूने. त्याच्याआधी हॅरी व्हार्डन, नंतर बेन होगन आणि सॅम स्नीड अशा दिग्गजांनाही याने छळलं. स्नीडने तर चेंडूकडे तोंड करून, दोन पायांच्या मधून पट मारायला सुरुवात केली होती. १९६८ मध्ये नियम बदलून ती पद्धत बंद करण्यात आली, तेव्हा तो बाजूला उभा राहून मारू लागला.

क्रिकेटमध्येही हे दिसतं. २००१ मध्ये लॉर्ड्सवर झालेल्या इंग्लंडमधल्या कौंटी संघांच्या एकदिवसीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लेस्टरशायरच्या स्कॉट बॉसवेलचं एक षटक वाइडमागून वाइड पडत १४ चेंडूंचं झालं. वर्षानुवर्षं गोलंदाजी केलेल्या माणसाला चेंडू हातातून सोडताच येईना.

पूर्वी यावर एकच उत्तर मिळायचं. मन कच्चं आहे, दडपण सहन होत नाही. ते संपूर्ण चूक नाही, पण अपुरं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी गेल्या पंचवीसेक वर्षांत या त्रासाचा पद्धतशीर अभ्यास केला. गोल्फपटूंच्या हाताला स्नायूंतले विद्युतसंकेत टिपणारी उपकरणं लावून त्यांना पट मारायला सांगितलं. यिप्सचा त्रास असलेल्यांपैकी काहींच्या बाबतीत फटक्याच्या क्षणी मनगट आत वळवणारे आणि बाहेर वळवणारे स्नायू एकाच वेळी आवळले जात असल्याचं दिसलं. त्रास नसलेल्या खेळाडूंत ते आढळलं नाही.

एरवी हे स्नायू आळीपाळीने काम करतात. एक आवळला की दुसरा सैल होतो. विहिरीवरच्या रहाटाचा दोर दोघांनी दोन्ही बाजूंनी एकदम ओढला तर पोहरा जागच्या जागी हिसके खाईल, तसं मनगटाचं होतं. विरुद्ध दिशेचे स्नायू असे एकत्र आवळले जाणं ही ‘डिस्टोनिया’ या मेंदूच्या विकाराची खूण आहे. ठरावीक कामापुरताच तो उमटत असेल तर त्याला कार्यविशिष्ट डिस्टोनिया म्हणता येईल.

म्हणून या संशोधकांनी यिप्सकडे एका पट्ट्यासारखं पाहायला सुचवलं. पट्ट्याच्या एका टोकाला निव्वळ दडपणाने येणारी थरथर, दुसऱ्या टोकाला डिस्टोनिया आणि बरेच जण या दोन्हींच्या मधे कुठेतरी. दडपणामुळे डिस्टोनिया वाढतो आणि डिस्टोनियाच्या अनुभवाने दडपण वाढतं. लँगर या पट्ट्यावर नेमका कुठे होता, हे दुरून ठरवता येणार नाही. पण त्याने शोधलेले उपाय मेंदूच्या या विकाराबद्दल आज जे कळलं आहे त्याच्याशी चांगले जुळतात.

कसलेला हात बिघडतो कसा

शर्टाचं बटण लावताना फक्त दोन-तीन बोटं नेमकी हलतात आणि शेजारची बोटं गप्प राहतात. ती आपोआप गप्प राहत नाहीत, मेंदू त्यांना गप्प बसवतो. हव्या त्या स्नायूला आदेश देणं आणि नको त्या स्नायूंना थोपवून धरणं, अशी दोन्ही कामं मेंदू एकाच वेळी करत असतो. मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया नावाच्या पेशीसमूहांचा यात मोठा वाटा असतो. डिस्टोनियात हे थोपवून धरणं कमी पडतं. मग नको ते स्नायूही कामात घुसतात.

दुसरी गोष्ट नकाशाची. मेंदूच्या पृष्ठभागावर प्रत्येक बोटाच्या संवेदनेसाठी वेगळी जागा असते. १९९०च्या दशकात अमेरिकेत नॅन्सी बिल, मायकेल मर्झेनिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना हाताची एकच हालचाल पुन्हा पुन्हा, दीर्घकाळ करायला लावली. काही काळाने त्या माकडांची हालचाल बिघडली आणि मेंदूतल्या बोटांच्या जागांच्या सीमा पुसट झाल्याचं दिसलं. ओल्या शाईच्या अक्षरांवरून हात फिरावा आणि अक्षरं एकमेकांत मिसळावीत, तसा प्रकार. मेंदूलाच बोटं वेगवेगळी ओळखता आली नाहीत, तर त्यांना वेगवेगळे आदेश तो कसे देणार?

अर्थात, तासन् तास सराव करणाऱ्या प्रत्येकाला हा विकार होत नाही. व्यावसायिक वादकांमध्ये साधारण शंभरात एकाला तो होतो असा अंदाज आहे. आनुवंशिक कल, बारीक हालचालींची अखंड आवर्तनं, चिंता, अचूकतेचा अट्टहास अशा अनेक गोष्टी एकत्र याव्या लागतात. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर याच्या उजव्या हाताची बोटं १९६०च्या दशकात, कारकीर्द ऐन भरात असताना वळू लागली. सुरुवातीला त्याने सराव आणखी वाढवला. हात आणखी बिघडला. कित्येक वर्षं तो फक्त डाव्या हाताच्या रचना वाजवत, शिकवत आणि वाद्यवृंदाचं संचालन करत राहिला. पुढे योग्य निदान झालं, बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांचा आणि हातावरच्या अन्य उपचारांचा उपयोग झाला आणि २००४ मध्ये ‘टू हँड्स’ या नावाने त्याचं दोन्ही हातांनी वाजवलेलं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं.

‘अजून घोटव’ हा सल्ला

आपल्याकडे हात अडला की पहिला सल्ला ठरलेला असतो. अजून घोटव. रियाज कमी पडतोय. अक्षर बिघडलं तर रोज चार पानं काढ. शिकण्याच्या काळात हा सल्ला योग्यच असतो. पण ज्याचं काम आधी उत्तम जमत होतं आणि आता जमेनासं झालं आहे, त्याला हाच सल्ला अपाय करू शकतो. चुकीच्या रीतीने आवळणाऱ्या स्नायूंकडून तीच हालचाल दहा हजार वेळा करून घेतली तर मेंदू ती चूकच अधिक पक्की शिकतो.

लँगरने कष्ट कमी केले नाहीत. तासन् तास पटिंग करण्याबद्दल तो ओळखला जातो. पण प्रत्येक फेरीत त्याने जुनीच हालचाल घोटत बसण्याऐवजी हालचालच बदलली. पकड उलटी केली की मेंदूसाठी ते काम जवळजवळ नवं होतं. बिघडलेला आदेश त्याला लागू पडत नाही. लांब पटरमुळे काम मनगटाच्या छोट्या स्नायूंकडून खांद्याच्या मोठ्या स्नायूंकडे गेलं. दांडा डाव्या हाताला टेकवल्याने मनगट जखडलं गेलं आणि त्वचेला एक वेगळा स्पर्शही मिळू लागला.

या स्पर्शाचं महत्त्व डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मानेच्या डिस्टोनियात मान एका बाजूला वळते, पण हनुवटीला नुसतं बोट लावलं तरी काही रुग्णांची मान थोडा वेळ सरळ होते. बोटाने जोर लावलेला नसतो. नव्या स्पर्शाने मेंदूकडे जाणारी माहिती बदलते आणि आदेशही बदलतो. रायटर्स क्रॅम्प झालेल्या काहींना जाड पेन किंवा वेगळ्या पकडीने आराम पडतो, त्यामागेही असंच कारण असू शकतं.

मात्र अशा युक्तीचा परिणाम कायम टिकेलच असं नाही. नवी पद्धत अंगवळणी पडली की काही वर्षांत तीही बिघडू शकते. लँगरला चार वेळा नव्याने सुरुवात करावी लागली, हे त्याचंच उदाहरण म्हणता येईल.

आपला हात अडत असेल तर

आपल्या आसपास गोल्फपटू कमी आणि लिहिणारे, शिवणारे, वाजवणारे जास्त. त्यांना हे दुखणं कसं ओळखता येईल?

सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे हात एका ठरावीक कामातच अडतो. लिहिताना पेन नको इतकं घट्ट धरलं जातं, मनगट वाकतं, एखादं बोट उचललं जातं, दोन ओळींत हात भरून येतो. पण त्याच हाताने माणूस जेवतो, बटणं लावतो, मोबाइलवर टाइप करतो. घरच्यांना हे नाटक वाटतं, ऑफिसात टाळाटाळ वाटते. बँकेत सही जुळत नाही म्हणून धनादेश परत येतो. हळूहळू माणूस लोकांसमोर लिहिणं टाळू लागतो आणि मग सगळ्यांचीच खात्री पटते, की हे मनाचं आहे.

निव्वळ घबराटीत चित्र वेगळं असतं. एकट्याने, निवांत बसून लिहिलं तर हात बहुधा ठीक चालतो आणि लोकांसमोर थरथरतो. सोबत छातीत धडधड, घाम, तोंडाला कोरड असं असतं. डिस्टोनियात हात एकांतातही अडतो, लोकांसमोर जरा जास्त. दोन्ही एकत्रही असू शकतात, त्यामुळे घरच्या घरी निकाल लावू नये.

हात अडण्याला इतर कारणंही आहेत. मुंग्या आणि बधिरपणा असेल तर मनगटातली किंवा मानेतली नस दबलेली असू शकते. काम करताना दोन्ही हात थरथरत असतील किंवा हात नुसता ठेवलेला असताना कंप येत असेल, हालचाली मंदावल्या असतील, तर कंपाचे आणि पार्किन्सनसारखे आजार तपासावे लागतात. थायरॉईडचा बिघाड, काही औषधं, तरुण वयात शरीरात तांबं साठण्याचा विल्सन्स डिसीज अशी कारणंही डॉक्टर पडताळून पाहतात. आणि हाताची ताकद अचानक गेली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळू लागलं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा वाट न पाहता तातडीने रुग्णालयच गाठावं.

कार्यविशिष्ट डिस्टोनियाचं निदान प्रामुख्याने बघून होतं. मेंदूविकारतज्ज्ञ रुग्णाला समोर लिहायला किंवा वाजवायला लावतात. अनेकदा एमआरआय पूर्णपणे नॉर्मल येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे आजार नाही’ असा अर्थ काढून इथेच बरेच जण उपचार सोडतात. बिघाड मेंदूच्या रचनेत नसून कामकाजात असेल तर तो अशा चित्रात दिसत नाही. त्रास होत असताना हाताचा छोटा व्हिडिओ काढून नेला तर डॉक्टरांना मोठी मदत होते.

उपचारांच्या पायऱ्या आहेत. काही काळ ते काम कमी करणं, पकड आणि साधन बदलणं, ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हालचाल संथपणे नव्याने शिकणं, गरज असेल तर दुसऱ्या हाताने लिहायला शिकणं. जे स्नायू नको तेव्हा आवळतात त्यांत बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देता येतं. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, मग ते पुन्हा घ्यावं लागतं. मात्रा जास्त झाली तर बोटं काही काळ अशक्त होतात, म्हणून त्यासाठी अनुभवी हात हवा. काहींना गोळ्यांचा थोडा उपयोग होतो. निवडक रुग्णांत मेंदूवरील शस्त्रक्रियेचाही विचार होतो. सोबत चिंता असेल तर तिच्यावरचे उपचारही तितकेच खरे उपचार आहेत, त्यात कमीपणा नाही. पूर्ण बरं होण्याची हमी कोणी देऊ नये. पण काम पुन्हा करता येईल इतका फरक अनेकांना पडतो.

वाद्य शिकवणाऱ्या गुरूंसाठी, क्रीडा प्रशिक्षकांसाठी आणि शाळेतल्या शिक्षकांसाठी यात एक सूचना आहे. चांगला चाललेला हात काही आठवड्यांत बिघडू लागला, सराव वाढवल्यावर आणखी बिघडला, तर आधी सराव थांबवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. वेदना नसली तरीही. या विकारात बऱ्याचदा दुखत नाही आणि म्हणूनच तो आळशीपणात जमा होतो.

लँगरपाशी या विकाराचं नाव सांगणारा डॉक्टर १९७६ मध्ये नव्हता. पट घालवल्यावर लोक त्याच्या हातांकडे आणि विचित्र पकडीकडे बघून हसत, तेव्हा त्याच्याजवळ फक्त वेगवेगळ्या काठ्या आणि न संपणारा धीर होता. आज नाव माहीत आहे, तपासणी आहे, उपचारही आहेत. तुमच्या घरात कोणी लिहिताना पेन सारखं खाली ठेवून हात झटकत असेल, तर त्याला अजून एक पान लिहायला सांगण्याआधी जरा त्याच्या बोटांकडे बघा.